गाठ नाही, बस

जानेफळच्या शाळेचे हेडमास्तर मार्तंडराव यांच्यासमोर कोणी नुसतं कण्हलं, तरी त्यांचा हात आधी त्याच्या काखेत जायचा. प्लेगच्या साली अर्धं गाव माळावर झोपड्यांत नेऊन त्यांनी वाचवलं होतं. तेव्हापासून ताप म्हणजे प्लेग, प्लेग म्हणजे गाठ, आणि गाठ नसेल तर माणूस ढोंगी, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गावानं त्यांना गाठमास्तर नाव ठेवलं. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि, खोटं कशाला सांगा, थोडं आवडलंही होतं.

एकोणीसशे अठराचा दसरा झाला आणि मेहकरकडून नवा ताप आला. लोक त्याला मानमोडी म्हणू लागले. मार्तंडराव शाळेच्या दारात उभे राहिले. पोरं हात वर करून रांगेनं आत जात. "गाठ नाही, बस. गाठ नाही, बस." उंदीर शिरू नयेत म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आत खोकल्याचा असा कालवा, की पाढे ऐकू येईनात.

शेजारचे किसनराव नातवाला घरी न्यायला आले. "मास्तर, पोरगं तापानं फणफणून राह्यलं."

"गाठ आहे का?"

"गाठ तं नाही."

"मग काऊन नेता? शाळा बुडते त्याची."

एवढ्या शिकलेल्या माणसापुढं काय बोलावं? किसनराव हात हलवत परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी शकुंतलाबाई म्हणाल्या, "अहो, आज उठवत नाही." मार्तंडरावांनी बायकोचीही काख चाचपली. "काही नाही. पोळ्या टाक, मला उशीर होतो." त्या भिंत धरत उठल्या.

शाळेत दुय्यम मास्तर भालचंद्र लाल डोळ्यांनी आले. गडी तालमीतला, आणि तोंडाचा फाटका. आपणहून हात वर करून म्हणाले, "पाहा मास्तर, पण गुदगुल्या नका करू."

"गाठ नाही."

"आज नाही तं उद्या गाठ पडेलच की आपली," म्हणत, खोकत, ते वर्गात गेले. मार्तंडराव बराच वेळ हसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव दारात आले. "मास्तर, भालचंद्र मास्तर गेले."

"न विचारता? कुठं गेले?"

किसनरावांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. तेव्हा कळलं.

घरोघर माणसं पडलेली. भालचंद्रांच्या प्रेताला आंघोळ घालायला मार्तंडरावच बसले. पाणी ओतता ओतता हात सवयीनं काखेत गेला. मग दुसऱ्या काखेत. पुन्हा पहिल्या. हात तिथंच राहिला.

"मास्तर, आता काय पाहून राह्यले?" किसनराव हळूच म्हणाले.

"गाठ नाही हो."

"नसंल."

"मग हा मेला कशानं?"

मार्तंडरावांच्या हातातला तांब्या पडला. घरी चुलीपुढं शकुंतला होती. आपणच बसवलेली.

ओल्या धोतरानं ते धावत सुटले. मढं अर्धवट टाकून मास्तर बायकोकडं पळाले, हे गावानं पुढं वर्षानुवर्षं चघळलं. तसेच चुलीपाशी शिरले, तेव्हा शकुंतलाबाई तापातही मागं सरकल्या. "अहो, मढ्याला शिवून आलात. आंघोळ तरी करा." त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात तिच्या कपाळावर गेला, आणि पोळल्यासारखा मागं आला.

शाळा त्यांनी त्याच संध्याकाळी बंद केली. खिडक्यांच्या फळ्या स्वतः उचकटल्या. मग त्यांनाही हुडहुडी भरली. हात काखेकडं निघाला आणि अर्ध्यात थांबला.

"गाठ आहे का?" शेजारच्या अंथरुणातून शकुंतलाबाईंनी विचारलं. बरळत होत्या की टोमणा होता, देव जाणे.

"ताप आहे," मार्तंडराव म्हणाले. "निजतो."

दोघंही वाचले. दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा मागची रांग रिकामी होती. मार्तंडराव दारात उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. किसनराव आले. एकटेच.

"पोराचं नाव कमी करा, मास्तर," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "गाठ नव्हती त्याले. शेवटपर्यंत पाहत होतो मी."