उंदरांचे मोदक

वळ गावच्या गोदामांच्या रांगेतच आमची प्रयोगशाळा. बाहेरून बघाल तर वाटेल, टीव्हीचे खोके भरून ठेवलेत. आत पांढरे उंदीर. मी त्यांचं खाणंपाणी बघते, पिंजरे धुते. नवरा दापोड्याच्या गोदामात माल चढवतो, त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्या कामाची मात्र आमच्या सगळ्या वडपे गावाला उत्सुकता! "उंदीर पाळते," म्हटलं की हसतात मेले.

यंदाची तुकडी पिल्लांची होती. वाढत्या वयात हाडं किती लांब होतात, किती भक्कम होतात, नरांची कशी आणि माद्यांची कशी, ते बघायचं होतं. लहान पोरांच्या कच्च्या हाडांवरच्या औषधासाठी. नर भराभर वाढले, आडदांड झाले. माद्या लहानखुऱ्या, पण वस्ताद. पिंजऱ्यात हात घातला की बाहीत शिरायच्या. जीव लावू नये म्हणतात. लागतो हो, काय करणार?

सासूबाईंचा खुबा मोडलाय, त्या खाटेवरच असतात. गणपतीत मूर्तीपुढच्या उंदराचं वेगळं पान मांडायचं, ही त्यांचीच रीत. यंदा म्हणाल्या, "गो, तू तर जित्त्या मूषकाची सेवा करतेस. माझ्या हातचे मोदक ने त्यांना. बाप्पाला सांगतील, म्हातारीला उभी कर."

कण्हत कण्हत, खाटेवर बसून त्यांनी मोदक वळले. नको म्हणायला माझी जीभच रेटेना. आमचे गणपती पाच दिवसांचे, आणि पिल्लांचा शेवट नेमका दुसऱ्याच दिवशी. औषधाने झोपवायचं, मांडीचं हाड काढायचं आणि यंत्रात दाबून बघायचं, किती जोर लावला की मोडतं. हे मी घरात कधी बोललेच नव्हते.

सकाळी सरांना म्हटलं, "सर, विसर्जनापर्यंत थांबा ना. घरात बाप्पा बसलेत."

सर चष्मा पुसत राहिले. "माझ्याही घरी आहेत हो. पण यांचं वय आज भरलं. चार दिवसांनी हाड वाढून वेगळं होईल. मग एवढे जीव कशाला वाढवले आपण?"

चिडायचं तरी कुणावर?

निदान मोदक भरवू का, विचारलं. तेही नाही. पोटात ठरल्यापेक्षा वेगळं काही जायला नको. डबा खुंटीला तसाच राहिला. मी एकेक पिंजरा उचलून दिला. एक मादी बाहीत शिरली, तिलाही काढून दिली. दुपारी यंत्राजवळ उभी होते. मांडीचं हाड मोडतं तेव्हा काडी मोडल्याएवढाच आवाज येतो.

येताना मोदक रस्त्यातल्या गाईला घातले. घरी सासूबाई मान उंच करून वाटच बघत होत्या.

"खाल्ले का गो पोरांनी?"

"खाल्ले."

"माद्यांना पण मिळाले ना? न्हायतर नर दांडगे, तेच खातील."

"मिळाले."

त्यांनी मूर्तीकडे बघून हात जोडले. मग रिकामा डबा पुढे सरकवला. "उद्या जास्त ने. वाढीचं वय हाय त्यांचं. जा, उकड काढ, मी वळते."

मी चुलीवर पाणी ठेवलं.