फोटोचा स्रोत लिहा

इतिहासाचा प्रकल्प म्हणजे काय असतं, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलं आहे. भांडुप स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात थोर नेत्यांच्या चित्रांचे छापील कागद मिळतात. मुलं ते आणतात, कापतात, चिकटवतात, मजकूर गाइडातून उतरवतात, मुखपृष्ठावर चमकी लावतात आणि मी दहापैकी आठ गुण देते. कुणाचंच काही बिघडत नाही, त्यामुळे हे असंच चालू होतं.

आमची मराठी माध्यमाची शाळा. पटसंख्या घसरायला लागली तसं मुख्याध्यापिकाबाईंना प्रवेशाच्या फलकावर ‘डिजिटल’ हा शब्द हवासा वाटू लागला. नववीच्या इतिहासाचे प्रकल्प वेबसाइटवर करायचे आणि पालकांना बोलावून दाखवायचे, असं ठरलं. बाकीचे शिक्षक खाली बघत बसले, मी हौसेने हात वर केला. खोटं कशाला सांगू, मला अशा गोष्टींची आवड आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘दुर्मिळ ऐतिहासिक छायाचित्र’ टाकलं की मी तो फोटो इंटरनेटवर शोधून काढते आणि तो खरा कुठला आहे हे तिथेच लिहिते. परिणामी माझ्या वाढदिवसाला तिथे फारशा शुभेच्छा येत नाहीत.

विषय दिला, ‘आमच्या घरातला इतिहास’. एका फुकटच्या साधनावर वर्गाची वेबसाइट उघडली, प्रत्येकाला एक पान दिलं. संगणकाच्या खोलीत अठरा यंत्रं, त्यातली चौदा चालू, म्हणून तीन-तीन जण एकापुढे. नियम एकच. प्रत्येक फोटोखाली स्रोत लिहायचा, म्हणजे हा कुणी काढला, कुठून मिळाला, आपल्याला कसं माहीत. स्रोत नसेल तर फोटो काढून टाकायचा. हे मी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पानं हळूहळू भरू लागली. कुणी आजीचा पाटा लावला, कुणी गिरणीचा पितळी बिल्ला, कुणी गावच्या घराचा सातबारा. एका मुलीचं पान मात्र पहिल्याच आठवड्यात उठून दिसलं. तिने त्यावर त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो लावला होता. तसबिरीत एका मोठ्या गर्दीचा कृष्णधवल फोटो, कुठल्यातरी मासिकातून कापलेला. शेकडो पुरुष, हात वर केलेले, तोंडं उघडी. पुढच्या रांगेतल्या एका डोक्यावर, काचेवरच, गंधाचा ठिपका. हे तिचे पणजोबा, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात. मालवणकडून आलेले, गिरणीत होते, काविळीने तरुणपणीच गेले.

त्या फोटोचं त्यांच्या वस्तीत वजन होतं. दर एक मेला नाक्यावर झेंडावंदन झालं की तिच्या आजोबांना, म्हणजे त्या पणजोबांच्या मुलाला, ‘चळवळीतल्या कार्यकर्त्याचे चिरंजीव’ म्हणून पुढे बोलावत आणि शाल-श्रीफळ देत. आजोबा आता अडुसष्ट वर्षांचे. वडील गेले तेव्हा चार वर्षांचे होते. मुलीने हे सगळं फार नीट लिहिलं होतं. स्रोताच्या जागी लिहिलं होतं, ‘आमच्या घरी पहिल्यापासून आहे.’

मला ते चालणार नव्हतं. आणि मला तिला मदतही करायची होती, हे आजही मी स्वतःला सांगते. त्या दिवशी फोटोचा मूळ ठावठिकाणा कसा शोधायचा हे शिकवायचं होतं. उदाहरण म्हणून मी तिचाच फोटो घेतला. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल, मूळ वर्तमानपत्र सापडेल, तारीख मिळेल, मुलगी खूश होईल, असा माझा हिशेब.

“बघा हां,” मी म्हटलं, “आता इतिहास कसा सिद्ध करतात ते.”

फोटो चढवला, बटण दाबलं. तो लगेच सापडला. एका छायाचित्रसंग्रहाच्या पानावर तोच फोटो, पण अख्खा. तसबिरीत न आलेली खालची बाजू त्यात होती, आणि तिथे तिकिटांची खिडकी होती. खाली लिहिलं होतं की ही कानपूरच्या मैदानाबाहेर क्रिकेटच्या सामन्याची वाट बघणारी गर्दी आहे. सालही होतं. ते साल असं, की तिच्याच पानावर लिहिल्याप्रमाणे तोवर तिचे पणजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती.

 मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, हिचे पणजोबा मॅच बघायला गेले होते!” चाळीस पोरं खदखदून हसली. मी दटावलं, पण पडदा बंद करायचं काही मला सुचलं नाही. कानपूरचं ते पान तास संपेपर्यंत तसंच वर होतं. मुलगी रडली नाही. तिने वहीत ती वेबसाइट आणि साल उतरवून घेतलं, कारण मीच तसं करायला शिकवलं होतं.

 तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टीचर्स रूमच्या दारात उभी.

“टीचर, पणजीला विचारलं मी. रेकॉर्ड केलंय. तुम्ही ऐका ना.”

पणजी नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, पण आवाज खणखणीत होता. मी फोन कानाला लावला.

“माका ठावक आसा गो,” ती सांगत होती. “ह्यो काय तुजो पणजो न्हय. त्येंचो फोटो कधी काढलोच नाय. झील माजो सा वर्षांचो, रोज इचारी, बाबा कसे दिसत? एक दिस पुडीच्या कागदार ह्यो चेहरो दिसलो. नाक तसांच. मी म्हटलंय, ह्ये तुजे बाबा. तर इचारूक लागलो, इतक्या माणसांत बाबा काय करतत? आता काय सांगू? म्हटलंय, मोर्च्यात गेलेत.”

 शेवटी ती म्हणाली, “त्येका सांगा नको हां.”

‘त्येका’ म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या तिच्या झिलाला, मुलीच्या आजोबांना. मी फोन परत दिला. इतिहास शिकवताना मी वर्गाला नेहमी सांगते की कागदाला विचारा, कागद कधी लिहिला, कुणी लिहिला, कशासाठी लिहिला. यातला ‘कशासाठी’ मी बहुतेक वेळा घाईत उरकत आले होते. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज.

“आजोबा येणारेत ना प्रदर्शनाला?” मी विचारलं.

“हो ना. नवीन शर्ट घेतलाय त्यांनी. टीचर, मी आता काय लिहू? फोटो काढून टाकू?”

तिला हे मला विचारावं लागतंय याचं मला वाईट वाटलं. मी म्हटलं, तू ठरव, मी गुण कापणार नाही.  तेवढ्यात घंटा झाली म्हणून ती पळाली. संध्याकाळी मी पान उघडून पाहिलं तर मजकुरातून ‘मोर्चा’ हा शब्द गेला होता. फोटो होता तिथेच होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘स्रोत : पणजी.’ माझ्या दोन रेघांच्या नियमात ते बसत होतं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा वेळेआधी आले. उंच, किडकिडीत माणूस, इस्त्रीचा आकाशी शर्ट. नातीने त्यांना संगणकापुढे बसवलं, पान उघडून दिलं आणि पाहुण्यांना चहा द्यायला गेली. मी बाजूला उभी होते. ते चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून सगळं वाचत होते. मी मनात म्हटलं, निभावलं.

“छान केलंय पोरीने,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “टीचर, कानपूरचं मला कळलंय.”

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

“तुमच्या वर्गातला एक पोरगा आमच्याच बिल्डिंगीत राहतो. लिफ्टमध्ये हसत होता. मी विचारलं तर त्याने मोबाइलवर काढून दाखवलं.” ते पडद्याकडेच बघत होते. “आईला सांगू नका हां, मला कळलं म्हणून. तिने माझ्यासाठी केलं ते. आणि नातीलाही नको. तिने बिचारीने किती सांभाळून लिहिलंय बघा.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “वर्गासमोर मी ते करायला नको होतं.”

“नाही हो, तुमचं कामच आहे ते. शाल-श्रीफळाचंही काही नाही, यंदा नको म्हणून सांगेन त्यांना, गुडघे दुखतात म्हणेन.” त्यांनी पडद्यावरच्या फोटोत त्या डोक्यावर, काचेवरच्या ठिपक्याच्या बरोबर खाली, बोट ठेवलं. “फक्त एक होतंय, टीचर. रोज सकाळी वडिलांना नमस्कार करायला डोळे मिटले की हाच येतो. साठ-बासष्ट वर्षं हाच येतोय. माझे खरे वडील मला एकदाही दिसलेले नाहीत. आता मी कुणाला नमस्कार करू?”