आमदार भावाची ओवाळणी
माझं अक्षर वाईट आहे आणि शाळा चौथीतच सुटली, म्हणून लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्याव्या. राखीला निरांजन विझलं आणि जळक्या वातीचा वास आला, की मला तो कापडी मंडप आठवतो. आमचे आमदार म्हणजे माझे भाऊ. ते आधी टेलर होते, मग विमा एजंट, मग ठेकेदार. मध्ये दुधाचा धंदा काढला, तेव्हा सेलूच्या सोनाराकडे माझ्या पाटल्या मोडून मी त्यांना चाळीस हजार दिले होते. नवरा दवाखान्यात पडला तेव्हा मी मागायला गेले, तर म्हणाले, "आता हात तंग हाये ताई, पुढच्या महिन्यात येजो." नवरा त्याच महिन्यात गेला. ते निवडून आल्यावर त्या मंडपातल्या राखीच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. मी ताट धरून तशीच उभी राहिले. "लाजून काऊन राह्यली? ओवाळ ना भावाले!" ते माइकवर हसले. मी ओवाळलं. त्यांनी ताटात जाड लिफाफा ठेवला आणि लोकांना सांगितलं, "विधवा बहिणीले भावाची चाळीस हजाराची ओवाळणी!" टाळ्या वाजल्या. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलं वो बाई!" हे माझेच पैसे आहेत, एवढंसुद्धा मला सर्वांसमोर बोलता आलं नाही. आजही बाया विचारतात, "भावाले राखी बांधाले नाई गेली?" त्यानंतर मी कधी गेले नाही. लिफाफ्यात चाळीस हजार पूर्ण निघाले होते, आता त्यांच्याकडे माझं काही बाकी नाही.