नळाच्या रांगेतले हंडे आणि धरमपेठेच्या बाई: माझी नागपूरवारी

नागपूरला मी गेले ती भाचीला रागवायला. आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल, म्हातारी फुटाळा तलाव बघायला निघाली होती. पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. माझी मोठी बहीण, शांताताई, तिथे रेल्वे लाइनजवळच्या वस्तीत राहायची. संत्र्यांच्या ट्रकवाल्याबरोबर तिनं काटोलला माझ्याकडे निरोप धाडला, “पुष्पी शाळा सुटल्यावर घरीच येत नाही. चित्रं काढत बसते. तू येऊन समजाव, तुह्यं ऐकते ते.”

मी हादरलेच. शाळा सुटली की पोरीनं पाणी भरायचं, भावाला कडेवर घ्यायचं. चित्रं कोणाच्या पोरी काढतात? ज्यांच्या घरात नळ असतो त्यांच्या.

सकाळची एसटी धरली. मला अक्षर येत नाही (हेही दुसऱ्याकडून लिहून घेतेय), म्हणून मी पाटी वाचत नाही, कंडक्टरचं तोंड वाचते. तोंड नागपूरचं दिसलं की चढायचं. तुम्ही हिवाळ्यात गेलात तर डावीकडे बसा, उजवीकडून ऊन तोंडावर येतं. कळमेश्वरला गाडी थांबली की पोहे खा, आणि वरून चण्याचा रस्सा मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही. तेव्हाचा रस्ता असा, की खाल्लेले पोहे पोटात पुन्हा कालवले जायचे. आता म्हणे गुळगुळीत झालाय. नागपुरात काटोल नाक्यावर उतरले, सायकलरिक्षावाल्याशी रीतसर भांडले आणि त्यानं म्हटलं तेवढंच देऊन बसले.

वस्तीत शिरले तर नळावर हंडे, पाण्याच्या गुंड्या, तेलाचे डबे, सगळे एका ओळीत उभे, आणि जवळ माणूस नाही! माझा विश्वासच बसेना. ताई म्हणाली, “अवं, हंडा उभा तर आपण उभे. कोणी हात नाही लावत.” म्हणजे हंडा रांगेत ठेवायचा आणि घरी भाकरी थापायच्या. नळ यायचा संध्याकाळी, आणि दिवस मावळायच्या आत जायचा.

पोरं नळासमोरच्या बुद्धविहाराच्या ओसरीत होती. त्यांच्यात मांडी घालून बसलेल्या, चित्रं शिकवणाऱ्या मालतीबाई. धरमपेठेतून, म्हणजे घराघरात नळ असलेल्या बड्या वस्तीतून, सायकलीनं यायच्या, फी घ्यायच्या नाहीत. छापखान्यातून एका बाजूनं कोरे कागद आणायच्या. रंग म्हणजे हळद, गेरू, नीळ आणि चुलीतला कोळसा. आधी त्यांनी वर्ग शाळेत भरवला होता, पण पाण्याची वेळ झाली की पोरी पळायच्या. मग बाईंनी वर्गच नळासमोर आणला. हंडा रांगेत, पोरगी ओसरीत.

पुष्पीनं मला पाहिलं. “मावशे, हलू नको वं! तुह्यं नाक काढून राहिली मी.”

आता नाक काढत असताना रागवायला तोंड कसं उघडायचं? बसले गुमान. नाक मोठं निघालं. माझंच होतं, तक्रार कोणाकडे करणार?

दुसऱ्या दिवशीही मी ओसरीत जाऊन बसले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते घडलं. बाई म्हणाल्या, “आज आपण हंडे काढू या.” उठल्या, नळावर गेल्या, आणि रांगेतला एकेक हंडा उचलून विहाराच्या पायऱ्यांवर मांडायला लागल्या. मोठे मागे, लहान पुढे, एखादा आडवा. पोरं दगडासारखी बसली. पुष्पी कशीबशी म्हणाली, “बाई, नका...”

“थांब गं, उजेड किती छान पडलाय!”

तेवढ्यात नळ आला. बाया बाहेर आल्या, आणि पाहतात तर रांगच नाही.

“माह्या हंडा दुसरा होता!”

“दुसरा तुह्या, मंग माह्या का धरमपेठेत होता?”

भांडता भांडता नळ गेला. ताईचा हंडा कोरडा राहिला. ती बाईंसमोर उभी राहिली. “बस झालं. उद्यापासून पुष्पी येत नाही. कोणाचीच पोरगी येत नाही.” बाकीच्या बायांनीही माना हलवल्या.

“पण मी तर फक्त हंडे...” मालतीबाईंना अजून कळलंच नव्हतं. घरात नळ असला की हंडा नुसता हंडाच दिसतो. पुष्पीनंच खाली मान घालून त्यांना सांगितलं.

घरी आल्यावर पुष्पी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोटांवरचा गेरू राखेनं घासला, कातडी लाल होईस्तोवर. ताई म्हणाली, “समजाव आता तिले.”

“काय समजावू? समजली की ते.”

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पुन्हा नळावर गेलो, तर रांगेच्या शेवटी मालतीबाई. सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून घरचा पितळी हंडा आणलेला, आणि त्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या.

“काहून बाई, तुमचा नळ गेला का?” एकीनं डिवचलं.

“नाही. माझ्यामुळे शांताबाईंचं पाणी गेलं. ते भरून द्यायला आले.”

“मंग हंडा ठेवून सावलीत बसा ना. आम्ही नाही हलवत.”

‘आम्ही’वर असा जोर, की सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, पण हंडा सोडला नाही. नळ आल्यावर भरला, कडेवर घेतला, आणि ताईच्या दारापर्यंत निम्मा लुगड्यावर सांडला.

ताईनं हंड्यात डोकावून पाहिलं. “पाणी आणलं का सडा टाकत आल्या?”

“थोडं प्यायला द्याल?” बाईंनी विचारलं.

त्या काळी धरमपेठेकडची माणसं आमच्या घरचं पाणी पीत नसत, हे कोणाला सांगायला लागत नव्हतं. ताईनं पेला घासला, पुन्हा घासला, भरून दिला. बाई घटाघटा प्यायल्या आणि पेला परत पुढे केला. “अजून.”

दुसरा पेला देताना ताई म्हणाली, “पोरगी येईन. पण आमच्या वस्तूले हात लावाच्या आधी पोरायले विचारत जा. त्यायले समजते.”

“विचारीन,” बाई म्हणाल्या. दाराआड पुष्पी उभी होती, ती पळत सुटली ते मैत्रिणींना सांगायला.

दुसऱ्या दिवशी परत येताना बसस्टँडवर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घेतली. गरमच खा, गार झाली की तेल बोलायला लागतं. घरी नवऱ्यानं विचारलं, “समजावलं का पोरीले?” मी नुसतं हूं केलं. अंगणात माझी मुलगी, पुष्पीच्याच वयाची, भांडी घासत होती. तिला मी रोज पाहायचे, पण त्या संध्याकाळी पाहिलं आणि दारातच थांबले. इथे ना विहाराची ओसरी, ना सायकलवरून येणारी बाई.

“ठेव ते,” म्हटलं. “मी घासते. तू बस.”

ती घाबरलीच. “बसून काय करू?”

मला तरी कुठे ठाऊक होतं?

“बस तर आधी,” म्हटलं.