दक्षिणेस पडीत जागा

आमच्या धंद्यात कागदाचा डावा अर्धा भाग आपला नसतो. कागद उभा दुमडायचा, घडी नखाने दाबायची आणि घडीच्या उजवीकडे मजकूर लिहायचा. डावी बाजू साहेबांच्या शेऱ्यासाठी कोरी ठेवायची. अलिबागच्या कचेरीच्या आवारात, चिंचेखाली बसून, लोकांचे अर्ज लिहिताना, हा नियम मी बावीस वर्षे पाळला. माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंतचे. तरीही माझ्या अर्जातील वाक्ये वकील मंडळींनी आपल्या कैफियतीत जशीच्या तशी उचललेली मी स्वतः पाहिली आहेत. हे सांगण्याचा हेतू बढाईचा नाही. माझे आजारपण इतके दिवस कोणाच्याच, आणि मुख्यत्वे माझ्या, लक्षात का आले नाही, याचा खुलासा त्याशिवाय होत नाही.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या अंगावरून वारे गेले. डावा हात व डावा पाय लुळे पडले. दीड महिन्यात मी काठी टेकून चालू लागलो, हातही बराचसा वळू लागला. उजवा हात, वाचा आणि स्मरण ही तिन्ही शाबूत असल्यामुळे मी बरा झालो असे स्वतःच ठरवले आणि पुन्हा बैठकीवर जाऊ लागलो.

घरात मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला. पत्नी ताटात मीठ वाढेनाशी झाली. लिंबाची फोड नाही, चटणी नाही, कोशिंबीर नाही. चार दिवस मी संयम पाळला. पाचव्या दिवशी बोललो.

"माझं मीठ डॉक्टरांनी तोडलं, की तू?"

"अहो, वाढलंय की! रोज वाढते. रोज तसंच उष्टं टाकून उठता."

"कुठे आहे?"

तिने ताट धरले आणि अर्धे फिरवले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले. आणि आतापर्यंत जेवत होतो ती भाजी व आमटीची वाटी दिसेनाशी झाली. ही हातचलाखी तिला कोणी शिकवली, ते मला कळेना. या वयात नवऱ्याची अशी थट्टा सुचावी, याचे वाईट वाटले.

कचेरीतही तेच. एका कारकुनाने माझा अर्ज हातात घेऊन विचारले, "काय हो, एवढी जागा सोडलीत, साहेबांनी शेरा लिहायचा की भात लावायचा?" मी ते टापटिपीचे कौतुक समजलो. माझ्या ओळी घडीपासून सुरू न होता उजव्या काठाजवळ सुरू होत होत्या, हे मला दिसत नव्हते. आणि डावीकडे कोरे असणे हाच रिवाज असल्याने इतरांना त्यात आजार दिसत नव्हता.

अशा दिवसांत थळची एक कोळीण माझ्याकडे आली. तिचा नवरा वारल्यानंतरचे अर्ज मीच लिहिले होते. आता तिचा दीर दोघांच्या जागांमधली वई, म्हणजे काटक्यांचे कुंपण, हळूहळू तिच्या खळ्यात सरकवत होता. त्या खळ्यात बोंबील वाळवून ती पोट भरी. आणखी थोडी वई सरकली की बोंबलांच्या काठ्या उभ्या करायलाही जागा उरणार नव्हती. मामलेदार जागा पाहायला येणार होते, आणि ते पाहणार होते अर्जातील चार हद्दींवरून. ती जागा मी पूर्वी पाहिलेली होती. पाहिलेल्या जागेच्या हद्दी पक्षकाराला न विचारता लिहायच्या, ही माझी पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. अर्ज पुरा करून मी तिला वाचून दाखवला.

"पूर्वेस गाडीरस्ता, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस सार्वजनिक विहीर, दक्षिणेस पडीत जागा. बाई, करा आंगठा."

शाई लावलेला आंगठा तिने मागे घेतला.

"दक्षनेस काय म्हनलात?"

"पडीत जागा."

"मंग माजा दीर कुटं ऱ्हातो? झाडावर?"

चिंचेखालचे दोघे-तिघे हसले. मी म्हणालो, "बाई, जागा मी पाहिलेली आहे."

"पाह्यलीत तर! त्याच्या ओटीवर बसून चा प्यालात, दादा. पडीत जागंत चा कोन देतं? असा कागद गेला तर सायेब म्हनंल, तिथं कोनच न्हाय, तर वई सरकवतं कोन? भूत?"

मी डोळे मिटले. "हा मी रस्त्यावर उभा. समोर समुद्र. उजव्या हाताला विहीर."

"आनि डाव्या?"

"डाव्या हाताला काही नाही."

ते 'काही नाही' कसे होते, हे मला आजही नीट मांडता येत नाही. तेथे अंधार नव्हता, धुके नव्हते. अर्ज जेथे संपतो तेथे संपतो, त्याच्या पुढे काय होते असे कोणी विचारत नाही. तसे ते होते.

 बाई लहान मुलाला सांगावे तशी म्हणाली, "बरं. रस्त्यावरून निगा. खळ्यातून पार पान्याशी जावा. आता पान्याकडं पाठ करा, गावाकडं तोंड. आता उजव्या हाताला काय हाय?"

उजव्या हाताला तिच्या दिराचे घर होते. मंगळुरी कौले, शेणाने सारवलेली ओटी, एका पायाखाली वीट लावलेला बाक. मला चहा दिला होता तो बिनकानाचा कपसुद्धा. मी सगळे भराभर सांगितले.

"व्हय! आनि इहीर?"

"कुठली विहीर?"

बाईने तोंडाला पदर लावला. "दादा," ती म्हणाली, "तुमाला बरं न्हाय."

तीन हद्दी रस्त्यावरून आणि चौथी पाण्यावरून, अशा मी त्या दिवशी लिहिल्या. बावीस वर्षांत असा अर्ज मी लिहिला नव्हता.

पत्नीने मला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी टेबलावर एक सुतळी आडवी ठेवून तिचा मध्य धरण्यास सांगितले. मी धरला तो तिच्या उजव्या टोकाजवळ. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. पण मेंदूचा एक भाग दुसऱ्याला 'डावीकडे लक्ष दे' असे ज्या तारांनी कळवतो, त्या मेंदूच्या उजव्या बाजूला तुटल्या असाव्यात. मी त्यांना सांगितले की तारखात्याविषयी मी स्वतः अर्ज लिहिलेले आहेत. तार तुटली की पलीकडचे ठाणे बोलत नाही, हे अलीकडच्या ठाण्याला ताबडतोब कळते. मग मला का कळले नाही?

"ते कळवणारी तारही त्यांतलीच असेल तर?" असे म्हणून ते औषध लिहू लागले.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अर्धे ताट पाहून 'ताट पुरे आहे' असे माझ्यात कोण म्हणाले, ते मला अद्याप सापडलेले नाही.

पाहणीच्या दिवशी थळला माझे काहीच काम नव्हते, तरी मी गेलो. मामलेदार माझा अर्ज घेऊन रस्त्यावर उभे होते. दिराचा आवाज चढला होता: "वई पयल्यापासनं हितंच हाय, सायेब! ह्या रायटरला इचारा, त्यानं पाह्यलंय!"

मामलेदार माझ्याकडे वळले. मला समुद्र दिसत होता, विहीर दिसत होती, विहिरीवरच्या बायका दिसत होत्या. दिराचा आवाज स्पष्ट येत होता. परंतु तो जेथून यावा अशी जागाच नव्हती. कोळीण माझ्याकडे पाहत होती. मी काठी टेकत खळ्यातून पाण्यापर्यंत चालत गेलो आणि समुद्राकडे पाठ केली. घर आले, ओटी आली, वई आली; आणि वईच्या पलीकडे, ओटीला लागून, वाळूत कुजलेल्या जुन्या खुंटांची रांग आली.

"साहेब, जुनी वई ती!" मी ओरडलो.

शिपायाने वाळू उकरून खुंट मोजले. मामलेदार म्हणाले, "एवढ्यासाठी समुद्रात जायची काय गरज होती?"

"त्यांची तशी रीत हाय, सायेब," कोळीण घाईने म्हणाली. "दोनी अंगांनी बगतात."

मामलेदारांनी तेथेच शेरा लिहिला. शिपायाने कागद माझ्यापुढे धरला आणि बाईला वाचून दाखवण्यास सांगितले. मी पाहिले. माझाच मजकूर, माझीच अक्षरे.

"अजून काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"लिवलंय, दादा. मी बगितलं." असे म्हणून बाईने शिपायाच्या हातातला कागद धरून खालची बाजू वर केली. तेव्हा मला शेरा दिसला, आणि तो मी तिला उलट्या अक्षरांतून वाचून दाखवला: वई चार हात दक्षिणेस, जुन्या खुंटांवर घ्यावी.