नाना आणि बिनचुन्याची भिंत

नाना कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत. नाना म्हणजे माझे मामा. धुळ्यात त्यांनी उभा जन्म बांधकामाची कंत्राटे घेतली आणि दुसऱ्याने बांधलेली एकही भिंत सरळ असल्याचे कधी मान्य केले नाही. वास्तुशांतीचे जेवण जेवता जेवता ते यजमानाला सांगत, "भीत ओळंबामा नही, भाऊ." माझ्या जळगावच्या घराची गच्ची गळेल, असे त्यांनी बजावले होते. ती गळली नाही, याचा राग त्यांनी दोन पावसाळे धरला.

मामी गेल्यावर नाना एकटे पडले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांचा मुलगा सुनील तेव्हा पेरू देशात एका खाणीवर इंजिनियर होता. वडिलांना कायमचे आपल्याकडे ठेवून घ्यायचे त्याने ठरवले होते. नानांना मात्र 'फिरायला या' एवढेच कळवले. मला इंग्रजी येते म्हणून सोबत मी. माझे इंग्रजी आणि नानांची अहिराणी यांचा तिथे सारखाच उपयोग आहे, हे पोचल्यावर कळले.

सुनीलच्या घरात पाऊल ठेवताच नानांनी टकटक केली. भिंत पोकळ वाजली.

"खोकामा ऱ्हास का रे तू?"

सुनील हसला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांना आवडेल असं एक तरी बांधकाम दाखवायला हवं. नाहीतर ते राहणार नाहीत."

म्हणून त्याने आम्हाला कुस्कोला नेले. तिथे इंकांचे प्राचीन सूर्यमंदिर आहे. दारातच नानांनी बूट-मोजे काढले.

"नाना, थंडी आहे," सुनील म्हणाला. "इथे आता पूजासुद्धा होत नाही."

"देऊळ शे ना? मंग."

रखवालदार धावत आला. तो स्पॅनिशमध्ये बोलत होता, नाना अहिराणीत. दोघेही आपापल्या मुद्द्यावर ठाम. शेवटी रखवालदाराने त्यांच्या पायाखाली पायपुसणे आणून टाकले.

"देव कोनता?" नानांनी विचारले.

"सूर्य."

"आपला धुयामा त्याले देऊळ लागत नही. तो रोज घरमा येस."

मग ते भिंतीपाशी गेले. टकटक करायला उचललेला हात त्यांनी तसाच दगडावर टेकवला. सांध्यातून नख फिरवले. नख शिरेना.

"चुना कोठे शे?"

"चुना नाहीच," सुनील म्हणाला. "एकेक दगड शेजारच्या दगडाच्या मापाने घासून बसवलाय."

या भिंतींवर पुढे स्पॅनिश लोकांनी चर्च बांधले. भूकंपात चर्च पडले, पुन्हा बांधावे लागले; खालचा दगड हलला नाही. सुनीलने हे सांगितल्यावर नानांनी वर पाहिले.

"वरला कंत्राटदार दुसरा व्हता."

ते खुशीत आहेत हे पाहून सुनीलने विचारून टाकले, "नाना, आता इथेच राहा ना माझ्याजवळ."

नानांनी भिंतीवरचा हात काढला नाही.

"आठे मी काय करू रे? चूक काढाले जागाच नही."

सुनील हसला. मग तोंड फिरवून तोही दगड बघत राहिला.

परतताना विमानतळावर नानांनी मुलाच्या गालाला हात लावला. मी असे पूर्वी कधी पाहिले नव्हते. "उन्हाळामा घर ये," ते म्हणाले. "चार दिन नही. महिनाभर ऱ्हाय."

सुनील उन्हाळ्यात आला. नाना त्याआधीच, थंडीत गेले होते. धुळ्याच्या त्या रिकाम्या घरात तो महिनाभर राहिला.