गैरहजर आमदार

माझा दादा आमदार झाला तेव्हाही त्याच्या नखांतलं काळं ग्रीस गेलं नव्हतं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस जाताना आपलं गाऱ्हाणंही तिथेच ठेवून जायचा. कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाच्या गल्लीत दिवे नाहीत. मग दादा दुकानाला कुलूप लावून त्याच्याबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचा. वहिनी म्हणायची, गावाच्या मोटारी फिरतायत, माझा पंखा तेवढा बंद. शेवटी लोकांनीच त्याला निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं. विरोधी बाकावरचा का होईना, पण आमदार.

मी गावच्या प्रसूतिगृहात नर्स आहे. म्हणजे, होते. छोटी प्रसूतिगृहं बंद करायचं विधेयक सरकारने आणलं, त्यात आमचंही होतं. पुढचं रुग्णालय दोन तासांवर. कळा सुरू झालेल्या बाईला दोन तास म्हणजे काय, हे कळायला आमदार असावं लागत नाही. दादाने भर चौकात शब्द दिला की हे मी होऊ देणार नाही. सरकारच्या बाजूचेही काही जण वळले होते. आता एकेका मताला किंमत आली होती.

आमदार निवासात दादाच्या शेजारच्या खोलीत सरकार पक्षाचा एक आमदार राहायचा. सगळे त्याला वकील म्हणत. सभागृहात दोघं एकमेकांवर तुटून पडायचे आणि बाहेर आले की जिवलग. तिथे एक जुनी रीत आहे. एका बाजूच्या आमदाराला घरची अडचण आली, तर समोरचाही एक जण मतदानाला जात नाही, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द.

मतदानाच्या आदल्या दिवशी वकील रडवेल्या तोंडाने आला. आई रुग्णालयात आहे, मी जात नाही, तूही जाऊ नकोस, आणि याचा बोभाटा नको. दादाने स्वतःच्या पक्षालाही कळवलं नाही. हा शुद्ध बावळटपणा होता, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलंय.

सकाळी दोघंही म्हातारीच्या खाटेशी बसले. वॉर्डात फोन बंद ठेवायचा नियम, दादाने तो इमानाने पाळला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी बोलावलंय म्हणून वकील उठला. म्हणाला, "आईजवळ बस, आलोच." तो गेला तो थेट सभागृहात.

विधेयक एका मताने मंजूर झालं. दादा तिथे असता तर मतं समसमान होऊन ते बारगळलं असतं.

वकिलाने नंतर साफ कानावर हात ठेवले. असं काही ठरलंच नव्हतं म्हणाला. गावात आवई उठली की आमदार विकला गेला. ज्यांच्यासाठी तो उपाशीतापाशी फिरला, त्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढच्या खेपेला तिकीटही कापलं. आता तो पुन्हा दुकानात बसतो. समोरचा शेजारीसुद्धा जळालेली मोटार वळसा घालून दुसरीकडे नेतो.

मी एकदा संतापून विचारलं, "वकील परत येईना तेव्हा तुला शंका नाही आली? उठून बघायचं तरी होतंस."

"म्हातारीनं हात घट्ट धरला होता. मला वाटलं, घाबरलीय."

मग बराच वेळ तो हातातली तार गुंडाळत बसला. आणखी काहीतरी आहे हे मला कळलं, म्हणून मी हलले नाही. शेवटी त्याने सांगितलं. वॉर्डातल्या टीव्हीवर निकाल आला, हात वर केलेला वकील दिसला, आणि त्याच क्षणी म्हातारीने दादाचा हात सोडला.

"ती म्हणाली, जा आता बाळा. निकाल लागेपर्यंत तुला सोडू नको, असं तो सांगून गेला होता."

मग तू काय केलंस, मी विचारलं.

"तिच्या औषधाची वेळ झाली होती," दादा म्हणाला. "ते पाजलं आणि निघालो."